जेवण मागू नये

आमच्या साडूंनी मला आयुष्यात जेवढे धक्के दिले, तेवढे आमच्या गावच्या रस्त्यानंही दिले नसतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. आमच्या हिंगोलीकडं समुद्र फक्त कॅलेंडरवर बघायचा, आणि हे महाशय तीस वर्षं मालवाहू जहाजावर आचारी! निवृत्त होऊन आले तेव्हा वाटलं, आता वसमतला लेकीच्या घरी अक्कांसोबत सुखानं राहतील. कुठलं काय! धरणात त्यांचं वावर बुडालं होतं, पण मधली टेकडी तेवढी पाण्यावर डोकं काढून होती. तिथं त्यांनी तीन खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय काढली. मला फोन करून म्हणाले, "साडूभाऊ, आपल्या जिल्ह्यात बेट न्हाई म्हनता ना? येऊन बघा." तसं ते पाणी असेपर्यंतचंच बेट. एखाद्या उन्हाळ्यात पाणी पार आटलं की शेळ्याही चालत जायच्या. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

पहिल्यांदा नावेतून गेलो, दार ढकललं आणि किंचाळलोच. समोर माझ्या छातीएवढं लाकडी तोंड, दात विचकलेलं! आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरावर घेतलेला मुखवटा होता. पलंगावर जपानी कागदी कंदील, खिडकीत तुर्कस्तानातले निळे काचेचे डोळे टकामका बघणारे, फळीवर एकीच्या पोटात एक अशा सात रशियन बाहुल्या. मेक्सिकोची फुलाफुलांची मातीची कवटी तर नेमकी माझ्या उशाशी. अहो, या कुशीवर वळलो तरी ती, त्या कुशीवर वळलो तरी तीच! आमचे साखऱ्याचे मामा एकदा तिथं राहिले, तर सकाळी आफ्रिकेच्या त्या तोंडाला हळदकुंकू आणि पुढं फोडलेला नारळ. "कोणतं का दैवत असंना, नाराज काहून करायचं?" मामा म्हणाले. साडूंनी खोबऱ्याची चटणी करून ती न्याहारीला वाढली.

पण या सगळ्यावर कडी केली ती दारावरच्या पाटीनं. 'मुक्काम व न्याहारी. जेवण मागू नये.' आता सांगा, आमच्याकडं वाट चुकलेला माणूससुद्धा जेवल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही, आणि इथं खुद्द आचाऱ्याच्या घरी पाहुण्यानं उपाशी निजायचं? पुसेगावच्या व्याह्यांनी रात्री आठपर्यंत भाकरीचा वास येतो का बघितलं, नऊ वाजता दोन तांबे पाणी प्याले आणि निजले. सकाळी सहा तऱ्हेची न्याहारी पुढं आली, तरी त्यांचा राग गेला नाही. साऱ्या गोतावळ्यात छी-थू झाली. मी चिडून विचारलं, "अहो, हे काहून?" तर साडू शांतपणे म्हणाले, "तीस वर्षं परक्या लोकायला दोन्ही येळचं रांधून घातलं. घरच्या मानसाला एकदा न्हाई. आता रातचं जेवन तिच्यासाठी राखून ठेवलंय."

ती म्हणजे अक्का. त्या येत नव्हत्या. दोन लेकरं एकटीनं वाढवलेली बाई. दर खेपेला नवरा महिनाभर यायचा, एखादं लाकडी तोंड ठेवून परत जायचा. "बोटीनं मानूस नेलं माझं," त्या म्हणायच्या, "मी बोटीत पाय ठेवनार न्हाई." साडू प्रत्येक पाहुण्याच्या हाती निरोप धाडत. एकदा किंमत बघावी म्हणून मी तो मुखवटा उलटा केला, तर मागं निळ्या शाईत लिहिलेलं, 'सुमनसाठी.' सुमन म्हणजे आमच्या अक्का. कंदील बघितला, कवटी बघितली, सगळ्यांवर तेच. मला फार वाईट वाटलं.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात पाणी पार उतरलं. साडूंनी लाजेनं पाटी काढून ठेवली. आणि एका सकाळी अक्कांचा मला फोन, "पाहुणे, गाडी काढा." सुकलेल्या गाळावरून गाडी नेली, पुढं चालत गेलो. साडू एका पायात चप्पल घालून पळत आले.

"अगं, आत्ता आलीस? आत्ता बेट कुठंय!"

"म्हनून तर आले."

आत जाऊन अक्का सगळं निरखत राहिल्या. मुखवट्यामागचं नाव वाचून पदर तोंडाला लावत म्हणाल्या, "ह्ये माझ्यासाठी आनलं व्हय? ह्ये तोंड?" साडूंनी घाईनं कंदिलाकडं बोट दाखवलं. संध्याकाळी त्यांनी पिठलं-भाकरी केली. भल्याभल्या कप्तानांना जेवू घातलेला हात, पण पिठल्यात मीठ दुप्पट पडलं. अक्कांनी ताट पुसून खाल्लं आणि म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय." साडू मीठदाणी ठेवायला म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आठवड्यानं बातमी आली, वरच्या धरणातून पाणी सोडणार. मी धावतपळत अक्कांना आणायला गेलो. त्या पायरीवर बसून रशियन बाहुल्या पुसत होत्या.

"अक्का, उठा! पाणी येऊन राहिलं. रस्ता बुडंल."

त्यांनी गाळाकडं बघितलं, मग आत चुलीपाशी बसलेल्या नवऱ्याकडं. "तुमची गाडी भिजंल, पाहुणे. तुमी निघा," म्हणाल्या. "मी पानी उतरल्यावर येते."

परतताना मागं बघितलं, तर आमच्या गाडीच्या चाकोरीत पाणी भरत होतं.

आता पाटी पुन्हा दारावर आहे, 'जेवण मागू नये' या ओळीवर मात्र अक्कांनी चुना फासलाय. यंदा उन्हाळ्यात पाणी पुन्हा तळाला गेलं, रस्ता महिनाभर उघडा होता. मी गाडी घेऊन गेलो, अंगणात थोडा वेळ उभा राहिलो. अक्कांनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. "हात धुवा, पाहुणे," म्हणाल्या आणि माझं ताट वाढायला घेतलं.