आंघोळीच्या पाण्यातली डॅन्यूब

सिंगापूरमधल्या बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी मी बाथरूमच्या दाराला कान लावून उभी असते. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात डबा, आणि आत बाबा. शॉवर असला तरी त्यांना बादलीच लागते. पहिला तांब्या अंगावर घेण्याआधी पाण्यावर हात ठेवून सात नद्यांची नावं घ्यायची, ही त्यांची जन्माची सवय. सातही नीट आली की मी रॅफल्स प्लेसची गाडी गाठायला पळते. विसरणं वाढत जाईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. ही रोजची मोजणी मला नकोशी झालीय, पण सोडवतही नाही.

मागच्या महिन्यात लेकीला शाळेत युरोपातल्या डॅन्यूब नदीवर प्रोजेक्ट करायचं होतं. नावाचा अर्थ काय, हा पहिलाच प्रश्न. "आजोबांना विचार," म्हणून मी ती कटकट टाळली. बाबा नाशिकला संस्कृत शिकवायचे.

"दानु," ते चटकन म्हणाले. "वेदात आहे हा शब्द. झिरपणारं पाणी, ओल. जुन्या इराणी भाषेत तर दानु म्हणजे नदीच."

"रिव्हरचं नेम जस्ट रिव्हर? सो लेझी लाह."

"अगं, दारात एकच नदी असली की वेगळं नाव कशाला? आम्ही गोदावरीवर जायचो, तरी गंगेवर जातो असंच म्हणायचो."

त्या संध्याकाळी मला वाटलं, डॉक्टरांचं काहीतरी चुकलंय.

गेल्या सोमवारी ते गंगा, यमुना म्हणाले आणि थांबले. नळ ठिबकत होता. ज्या नदीत पोहायला शिकले, जिच्यात माझ्या आईच्या अस्थी सोडल्या, ती त्यांना सापडेना. मी सांगायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं. उशीर होतोय म्हणून मी चिडलेही होते, त्याची आता लाज वाटते.

मागे लेक दात घासत उभी होती. "डॅन्यूब, आजोबा," ती दाराशी येऊन म्हणाली.

"डॅन्यूब," आतून बाबा म्हणाले, आणि पुढच्या चार नद्या सरळ घेतल्या.

तेव्हापासून रोज तिसरी डॅन्यूबच असते. मी दुरुस्त केलेलं नाही. सात भरतात, पाण्याचा आवाज सुरू होतो, मी निघते. लिफ्टमध्ये कोणी नसलं की एकदा गोदावरी म्हणून घेते, त्यांच्या वाटची.