अ‍ॅसिड ते अ‍ॅसिडच

संगमनेरच्या आमच्या कॉलेजात तपासणीला समिती यायची असली की सीलबंद रसायनं कपाटाच्या पहिल्या रांगेत मांडायची आणि समिती जाईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. माझ्या पीएच.डी.चे गाईड या मांडामांडीत तरबेज होते. खरं तर याच कामात तरबेज होते.

माझा विषय टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी. भिंतीच्या रंगात घालतात तीच. तिच्या स्फटिकांत अणू तेच, पण मांडणी वेगवेगळी. एकीला रुटाइल म्हणतात, दुसरीला अ‍ॅनाटेज. कोणती होणार हे बरंचसं भुकटी ज्या द्रावणातून बनते त्यातल्या अ‍ॅसिडवर ठरतं. मला रुटाइल हवं होतं, त्यासाठी नायट्रिक हवं होतं, आणि नायट्रिक कपाटात शोभेला बसलं होतं.

"अ‍ॅसेटिक घे की. अ‍ॅसिड ते अ‍ॅसिडच," सर म्हणाले.

अ‍ॅसेटिक टायटॅनियमला धरून ठेवतं, क्रिया मंदावते, अ‍ॅनाटेज होतं, असं मी सांगून पाहिलं. "तू मला शिकवू नको," एवढंच उत्तर मिळालं. मग घातलं अ‍ॅसेटिक, भुकटी भट्टीत भाजली, नमुना पुण्याला एक्स-रे तपासणीला पाठवला. आलेख आला तो अ‍ॅनाटेजचा. रुटाइलचा मागमूस नाही.

तोवर साहेबांनी एका परिषदेत 'आमच्याकडे रुटाइल तयार झालं' असं ठोकून दिलं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता मला म्हणाले, "मागच्या पोराचा रुटाइलचा आलेख लाव तुझ्या प्रबंधात, मग सही करतो. कोन बघतंय? सगळं पांढरंच तर हाय!"

त्यांच्या सहीशिवाय प्रबंध विद्यापीठात जात नाही. माझी इतकी वर्षं त्या सहीपाशी अडकली होती आणि हा माणूस माझ्याकडून चोरी करवून घेत होता. मला रागसुद्धा आला नाही, किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी दोन छोट्या बाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "सर, यातलं रुटाइल कोणतं तेवढं सांगा, तेच लिहिते."

साहेब खिडकीशी गेले. चष्मा चढवला, बाटल्या हलवल्या, मान डोलावली आणि डावी पुढे केली. "हे बघ. चमक बघ की याची. अनुभव लागतो त्याला."

दोन्ही बाटल्या मी एकाच भांड्यातून भरल्या होत्या. तसं त्यांना सांगितलं आणि गाईड बदलायचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून निघाले. त्या अर्जापायी वर्ष वाया गेलं. जाऊ दे. माझ्या कामावर त्या माणसाची सही नाही.