होळीनंतर दाखवा

आमच्या एकाही वृक्षारोपणाला वाडीतले मामा आले नाहीत. वाटेवरून हाक मारली की पडवीत बसून कोयत्याला धार लावता लावता एकच वाक्य ऐकवायचे, "पावसात काय, कुंपनाची काठीपन हिरवी व्हते. होळीनंतर दाखवा." म्हणून आम्ही त्यांचं नाव होळीमामा पाडलं. ते चिडून पाडलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आम्ही म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरची कॉलेजातली पोरंपोरी. गटाचं नाव 'तीन स्टेशनं'. उन्हाळा दरवर्षी जास्त भाजायला लागला, पावसाळ्यात नदी न विचारता घरात शिरायला लागली, तेव्हा नुसतं चडफडत बसण्यापेक्षा काहीतरी करू म्हणून जमलो. रीतसर परवानगी काढून बदलापूरच्या पलीकडे, मामांच्या वाडीच्या डोक्यावरचा बोडका उतार मिळवला. जुलैत टी-शर्ट, बॅनर, वडापाव असं सगळं साग्रसंगीत करून रोपं लावली. मार्चमध्ये बघायला गेलो तर उतार काळाठिक्कर. पुढच्या वर्षी पुन्हा लावली, ती पौषातच पुन्हा जळाली. परवानगी देणारे साहेब म्हणाले, तिसऱ्यांदा असंच झालं तर उतार विसरा.

मग माघात वाडीला शहाणं करायला निघालो. 'वणवा लावू नका' असं लिहिलेली पोस्टरं बरोबर होती. उल्हासनगरच्या कापडवाल्याचा जितू बोलायला सगळ्यांत पुढे. "मामा, वो आग कोण लावतं, काही आयडिया?"

"मीच लावली," मामा धार लावता लावता म्हणाले. "जुनं गवत जाळलं का खालून कवळं फुटतं. गुरांनी काय खायाचं? तुमची रोपं बोटभर, गवत पुरुषभर. त्यात रोपं कुठं हायेत, कुनी दाखवलं आमाला? दोन वर्सं तुमी वाडीवरून गेलात नि वाडीवरून आलात. एकानं उंबऱ्यात येऊन पानी मागितलं नाय."

जितूने पोस्टर हळूच गुंडाळलं. मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी मामींकडे पाणी मागितलं, तर त्यांनी अर्धाच पेला दिला. "राग नको धरू बाय, माघ हाय." वरच्या उतारावरचा झरा पूर्वी चैत्रापर्यंत पुरायचा, आता माघातच आटतो, मग दोन हंड्यांसाठी त्या टेकडी उतरून जायच्या. हवामानबदलावर बोलून मी कॉलेजात बक्षीस मिळवलं होतं. तो बदल अर्ध्या पेल्यात पहिल्यांदा दिसला.

तोडगा मामांनीच सुचवला. आम्ही रोपांभोवतीचं गवत कापायचं, भारे बांधून गोठ्यात पोचवायचे. मग जाळायची कुणाला हौस आहे? आणि उताराच्या कडेने चार माणसं आडवी झोपतील एवढा पट्टा साफ करून, दव असताना आपणच जाळायचा. जळलेल्या जागी आग पुन्हा काय खाणार? त्या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. पर्यावरणवाल्या पोरांच्या हातात मामांनी काडेपेटी दिली, तेव्हा आमचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. "आता फोटू काढा की," ते म्हणाले. कोणीही काढला नाही.

तिसऱ्या वर्षी रोपं लावली, पाऊस सरल्यावर गवत कापलं, पौषात जाळरेषा पूर्ण केली. होळीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी मामांचा फोन आला, "पल्याडच्या डोंगराला लागली. वारा इकडं हाय. या." तिन्ही गावांतून मिळेल त्या वाहनाने पोरं आली. जितूने दुकानातला आग विझवायचा लाल सिलिंडर खांद्यावरून डोंगरावर चढवला होता. तो मिनिटभरात रिकामा झाला आणि मामांनी त्याच्या हातात पाल्याची ओली फांदी दिली.

"झोडू नका, दाबा! झोडलं का ठिणगी उडते!" मामा ओरडत होते. आग जाळरेषेपर्यंत आली आणि तिथे उपाशी पडली. पण एका घळीत वाऱ्याने ठिणगी पट्ट्यावरून आत टाकली आणि आमच्या रोपांमधून धूर यायला लागला. मामा सत्तरीतले, तरी सगळ्यांआधी तेच घळीत उतरले. त्यांच्यामागे आम्ही, वाडीतले बाप्ये, आणि आम्हाला दोन वर्षं हसणाऱ्या बायासुद्धा. तासभर दाबत राहिलो. धूर निवळला तेव्हा काळ्या डोंगराच्या मधोमध, ती घळ सोडली तर, आमचा उतार जसाच्या तसा उभा होता. जितू राखेत बसून हसत होता आणि रडतही होता. मामांनी एका रोपाचं पान चोळून वास घेतला. "होळी झाली. आता हे झाड," एवढंच बोलले आणि घरी गेले. असं कौतुक मला आजवर कोणी केलेलं नाही.

पुढच्या सात वर्षांत तो उतार एकदाही जळला नाही. आता पौषात जाळरेषा कापायला इतकी पोरं येतात की कोयते कमी पडतात. नवं कोणी जुलैत झाड लावायला आलं की जितूच डोळे बारीक करून म्हणतो, "होळीनंतर दाखव."

मामा गेल्या श्रावणात गेले. धो धो पावसात तिन्ही गावांतून सगळे पोचलो. मी मामींच्या गळ्यात पडून रडायला लागले, तर त्यांनी माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पावसात काय, सगळीच येतात. होळीनंतर या."

गेलो. या वर्षी, गुढीपाडवा उलटल्यावर. मामी पडवीत नव्हत्या. वर, झाडांच्या सावलीत झऱ्यापाशी बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी तांब्या पाण्यात बुडवला, काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घे," त्या म्हणाल्या. "चैताचं पानी हाय."