चादरीखालचं घर

रंगारीमामाने तीस वर्षं लोकांच्या भिंती उजळवल्या. पण मामी गेल्यावर त्याच्या स्वतःच्या घरात भिंतच दिसेना. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, खिडकीत खरकटी ताटं, दारापासून खाटेपर्यंत पावलापुरती वाट. डॉक्टरांनी उदासपणावर गोळ्या दिल्या होत्या, पण गोळ्यांचं पाकीटही त्या पसाऱ्यात गडप झालं. सापडेना म्हणून घेतल्या नाहीत, घेतल्या नाहीत म्हणून उठवेना, आणि उठवेना म्हणून पसारा वाढतच गेला. काम तर केव्हाच सुटलं होतं.

लेकीने दोनदा पदर खोचून घर लख्ख केलं. आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मामाने तिला दारातूनच परत पाठवलं. राग तिच्यावर नव्हता; तिने घासलेली भांडी बघून त्याला स्वतःचीच लाज वाटायची. ती रडत उंटाकडे गेली.

उंट म्हणजे मामाचा कामावरचा जोडीदार. शिडीशिवाय छताला हात पोचायचा, म्हणून हे नाव. तो सकाळीच आला. काखेत त्यांची कामावरची जाड चादर, वीस वर्षांतल्या सगळ्या घरांचे रंग तिच्यावर सांडलेले. मामाला वाटलं, आता हा झापणार. उंटाने विचारलं एवढंच,

"गिऱ्हाइकाचं घर असं भरलेलं असलं की आपण काय करतो?"

"सामान मधे ओढतो. झाकतो."

"मग आज तू गिऱ्हाईक. फक्त कटकट करू नकोस."

मामाने एक स्टूल मधे ओढलं, बाकी सगळं उंटाने, आणि वर चादर टाकली. खिडकीतली ताटं त्याने आल्या आल्याच घासून टाकली होती, त्याबद्दल अवाक्षर नाही. कायदा त्याने घालून दिला तो असा: जे लागेल ते हात घालून काढायचं, आणि काढलेलं भिंतीकडेला जागेवर ठेवायचं. पुन्हा चादरीखाली नाही. जे लागत नाही त्याला खुशाल झोपू द्यायचं.

पहिल्या दिवशी बाहेर आलं गोळ्यांचं पाकीट आणि एक पेला. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तर समोर आख्खी भिंत, तिच्यावर ऊन. मामा आजही सांगतो, गोळ्यांनी वर ओढलं खरं, पण पाय टेकायला फरशी उंटाने दिली.

मग दाढीचं सामान आलं, चपला आल्या, खुर्ची आली. काही दिवस काहीच यायचं नाही. उंट कामावर जाताना डोकवायचा, झोपलेल्या पोराचं पांघरूण उचलावं तसं चादरीचं टोक उचलून बघायचा आणि चहा टाकायचा. कंबरेएवढा ढीग गुडघ्याला आला.

शेवटी राहिलं मामीचं शिलाई मशीन. तीन आठवडे मामा त्याला वळसा घालून चालला. मग त्याने लेकीला निरोप धाडला, ये, एकट्याने उचलवत नाही. उंट रोज येत होता, त्याला मात्र सांगितलं नाही. बापलेकीने मशीन खिडकीपाशी नेलं. लेक खुर्चीत बसली आणि कितीतरी वेळ बसून राहिली. आता घरात तिला बसायला जागा होती.

दुसऱ्या दिवशी उंट आला. फरशीवर सपाट पडलेली चादर बघून म्हणाला, "आण इकडे. रंगवायला नवं घर मिळालंय, चार खोल्या आहेत."

मामाने चादरीची घडी घातली, काखेत मारली, पायात चपला सरकवल्या.

"तू शिडी घे," तो म्हणाला. "चादर माझ्याकडे राहू दे."