अंधेरीच्या चिनी दातवाल्याने माझी छाती उतरवली

कवायतीच्या मैदानावर मास्तरच चक्कर येऊन पडला तर पोरं हसणारच. मी पडलो, ती हसली. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "पुन्हा असं झालं तर कवायत दुसऱ्याकडे देऊ." घाटकोपरच्या शाळेत बारा वर्षं मी कवायतच शिकवतो आहे, दुसरं मला काही येत नाही. डॉक्टरांना काही सापडेना. शेवटी मरोळला शेती करणारा माझा मित्र पास्कू म्हणाला, "अंधेरीला एक चिनी दातवाला हाय. तो उभं राहायला शिकवतो. चल रविवारी." उभं राहायला, आणि मला! संताप आला, पण रविवारी सायकल काढलीच.

कुणी जाणार असाल तर उन्हाआधी निघा. साकीनाक्यानंतर मरोळपर्यंत नुसती भातखाचरं आणि खडी. पंक्चर काढायला चार आणे जवळ ठेवा, माझे गेले. पास्कूच्या घरी चहा पिऊन, तांदळाची गरम भाकरी खाऊन आम्ही दोघं अंधेरीला पोचलो.

दातवाला परसात उंबराखाली उभा होता. साठीचा, काडीसारखा माणूस. खांदे पडलेले, गुडघे किंचित वाकलेले, छाती आत. माझ्या शाळेत असता तर मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

"खडा रहो," तो म्हणाला. मी छाती काढून, पोट आत ओढून ताठ उभा राहिलो. त्याने माझ्या छातीवर दोन बोटं ठेवली आणि मी तीन पावलं मागे, थेट पास्कूच्या अंगावर. मग त्याने मला ढकलायला सांगितलं. मी हातांनी रेटलं, खांद्याने रेटलं. म्हातारा हलला नाही.

"जीभ तालू को लगाओ."

दातवालाच तो, म्हणून मी तोंड उघडून आ केला. पास्कू हसत खाली बसला. "अरे, तो दात नाय बघत. जीभ टाळूला लाव."

मग दातवाल्याने अंगावरून बोट फिरवत समजावलं. श्वासातला जोर, त्याच्या भाषेत 'ची', बेंबीखालून निघतो, कण्याने डोक्यात चढतो. टाळूला टेकलेली जीभ हा त्याचा पूल, तिथून तो पुढच्या अंगाने खाली उतरतो. "तुमने छाती को ताला लगाया. ऊपर गया, नीचे आया नहीं. गिरेगा ही."

"बेंबीखाली काय असतं?" मी पास्कूला विचारलं.

"बेंबीच्या देठापासून बोंबलतो म्हणतो ना आपण? तोच देठ रे."

"देठ क्या?" दातवाल्याने विचारलं. पास्कूने तिथलंच एक वांगं तोडून दाखवलं. म्हाताऱ्याने ते देठाला धरून निरखलं आणि खूश होऊन मान हलवली. मी मात्र चक्रावलो. आयुष्यभर तोंडात असलेल्या शब्दाच्या जागी खरंच काही असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

तासभर त्याने मला तसंच उभं केलं. मांड्या थरथरल्या, मग तळहात गरम झाले. चक्कर आली नाही. शिकवण्याचे पैसे तो घेत नाही. जाताना दाढ मात्र तपासतो.

सोमवारी मैदानावर मी खांदे सोडून उभा राहिलो. हेडमास्तर गॅलरीतून बघत होते. तास संपेपर्यंत मी पडलो नाही, नोकरी राहिली. शेवटी पोरांना म्हणालो, "छाती सैल सोडा."

दोनशे पोरं छाती काढून तशीच उभी. मी पुन्हा सांगितलं. पहिल्या रांगेतला एकजण घाबरून म्हणाला, "सर, सैल म्हणजे कशी?"