विनम्र चेष्टा

सुरुची आंबेकर वडिलांच्या बदलीमुळे सांगलीहून भोपाळला आली तेव्हा हिंदीबद्दलचा आत्मविश्वास तिने भरपूर आणला होता. हिंदी तेवढी वाटेत कुठे तरी राहिली होती. विद्यापीठातल्या पहिल्याच आठवड्यात रांगेत घुसणाऱ्या एकावर ती कडाडली, "मुझे राग आता है!" मागे उभ्या असलेल्या संगीताच्या बाईंनी कौतुकाने तिचं नाव गायनाच्या चमूत घालून टाकलं. तिसऱ्या दिवशी तिथून तिची सन्मानाने सुटका झाली.

मग ती सापडली सर्वधर्म संवाद मंडळाला. मंडळ म्हणजे जिन्याखालची बारा नंबरची खोली, एक पंखा, सात सभासद आणि मार्गदर्शक पचौरी सर. सर इतके सज्जन, की डासालाही 'आप' म्हणतील. त्यांच्या व्याख्यानाला श्रोते यायचे ते मात्र पंख्यासाठी. पण परक्या गावात सुरुचीला मित्र, भांडणं आणि डब्यातली देवाणघेवाण याच खोलीत मिळाली होती. सचिवपदही मिळालं होतं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं.

म्हणून कुलसचिवांचं पत्र आलं तेव्हा तिने ते तीनदा वाचलं. शनिवारच्या कार्यक्रमाला शंभर माणसं जमली नाहीत, तर मंडळ बंद आणि खोली झेरॉक्स मशीनला.

पचौरी सर सर्दीने घरी पडले होते. त्यांनी सुरुचीच्या फोनवर कार्यक्रमाचं नाव पाठवलं: 'सर्वधर्म सद्भाव: एक विनम्र चेष्टा'. खाली सूचना, की प्रत्येकाने आपल्या घरच्या धर्मावर पाच मिनिटं बोलावं.

आता हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हे भोपाळमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सांगलीत मात्र चेष्टा म्हणजे चेष्टाच.

"शेवटी सरांना सुचलं!" सुरुचीने खोलीतच उडी मारली आणि सभासदांना हुकूम सोडला, "अपने-अपने घर के धरम की मजाक उड़ानी है. दूसरे की बिलकुल नहीं. और विनम्रता से."

"क्यों खां, सर ने सच में बोला?" संभव जैनने डोळे विस्फारले. भोपाळात कुणीही कुणालाही 'खां' म्हणतं.

"लिखित में बोला."

"दादी मुझे घर से निकाल देंगी," शहला म्हणाली, आणि लगेच वही उघडून लिहायला बसली.

सुरुचीने फलकावर हातभर अक्षरांत लिहिलं, 'अपने ही घर पर हंसिए. विनम्रता से.'

शनिवारी सर आले तर सभागृह गच्च भरून पोरं खिडक्यांत बसलेली. "सद्भाव के लिए इतने लोग!" सरांचे डोळे पाणावले. पहिल्या रांगेत कुलसचिव होते. त्यांना हसताना त्यांच्या शिपायानेही पाहिलं नव्हतं.

सुरुची माईकसमोर गेली. "मेरे बाबा नीलकंठ जी इंजीनियर हैं. गणपति में आरती की पहली लाइन गरजकर गाते हैं. दूसरी उनको आती नहीं. तो जहां शब्द नहीं, वहां ताली जोर से. पूरी अयोध्या नगर कॉलोनी बोलती है, क्या भक्ति है!"

सभागृह फुटलं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "बेटा, यह क्या..." म्हणत ते उठेपर्यंत संभवने माईक घेतला होता.

"हम सूर्यास्त के बाद खाते नहीं. तो हमारे यहां सूरज डूबता नहीं, छूटता है. पापा घड़ी लेकर ऐसे खड़े रहते हैं, जैसे प्लेटफॉर्म पर हों."

मग शहला. "ईद का चांद सबसे पहले मेरे मामू को दिखता है. पिछले साल जो दिखा, वह पानी की टंकी का बल्ब निकला. पूरे खानदान ने बल्ब देखकर दुआ मांग ली."

"कबूल हुई?" मागून कुणी तरी ओरडलं.

"हुई ना! मामू का चश्मा आ गया."

आता बोलणाऱ्यांची रांग दारापर्यंत गेली. तेवढ्यात कुलसचिव उठले. सुरुचीला डोळ्यांपुढे झेरॉक्स मशीन दिसू लागलं.

"पांच मिनट मुझे भी मिलेंगे?" ते म्हणाले. "जिस दिन मेरा उपवास होता है, उस दिन मैं रोज से दुगना खाता हूं." मग पोटावर हात ठेवून, "आज उपवास है."

छत तेवढं उडायचं राहिलं. खोलीचा निकाल तिथेच लागला. झेरॉक्स मशीन दुसऱ्या जिन्याखाली गेलं.

गर्दी पांगल्यावर सरांनी सुरुचीला गाठलं. "बेटा, मैंने तो चेष्टा लिखा था!"

"वही तो की, सर!"

मग कुणी तरी तिला अर्थ सांगितला. ती कानापर्यंत लाल झाली. सर मात्र पोट धरून हसले. "आठ साल से मैं चेष्टा कर रहा था," ते म्हणाले, "हुई आज!"

महिन्याभरात सात सभासदांचे एक्केचाळीस झाले आणि दारावर पाटी लागली, 'विनम्र चेष्टा, कक्ष १२'. लेकीचा पराक्रम पाहायला नीळकंठराव आले आणि पाटीशीच थबकले.

"काय गं, इथे चेष्टेला स्वतंत्र खोली देतात? तू कुणाची केलीस?"

"तुमची," सुरुची म्हणाली. "आरतीची दुसरी ओळ."

"येते मला दुसरी ओळ!" नीळकंठराव गरजले आणि सिद्ध करायला तिथेच सुरू झाले. पहिली ओळ दणक्यात झाली. दुसरीपाशी नेमकी टाळी आली, कडाडून. शहलाने संभवकडे पाहिलं, आणि पुढच्या टाळीला एक्केचाळीस जण त्यांच्या साथीला होते.