पल्लवीला येतंय, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोटच्या लेकींपाशी नाही, विहारात ज्या बायांसोबत माझी रोजची उठबस आहे त्यांच्यापाशीही नाही. पण आता सांगून राहिले तर हळू आवाजात सांगणार नाही. बसा असे जवळ. मान खाली घालून बोलेन असं मात्र समजू नका.

वारंगा फाट्याहून आत आमचं गाव. तिथल्या शाळेत मी कैक वर्षं पोरांची खिचडी शिजवली. खिचडीवाली आजी म्हणतात मला, लग्न होऊन गेलेल्या पोरीही म्हणतात. मी स्वतः लहानपणी शाळेची पायरी चढले नाही. विहारात पुतणी संध्याकाळी धडे वाचायची, तिच्या मागं बसून, केस पिकायला लागल्यावर, मी अक्षरं ओळखायला शिकले. हे मुद्दाम सांगतेय. एसटीची पाटी दुसऱ्याला विचारावी लागते, आणि तो सांगायच्या आधी आपल्याला खालून वर बघतो — ही तकलीफ मी अर्धा जन्म भोगलीय. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही मला.

तर त्या वर्षी तालुक्याहून तपासायला माणसं येणार होती. पोरांना वाचता येतं का, साधी वजाबाकी जमते का, एवढंच बघायला. आमचे सर तरुण, नवीनच आलेले. आदल्या दिवशी त्यांनी पोरांना बसवून सांगितलं, "येत नसंल तर सरळ न्हाई म्हणा. लाजायचं न्हाई. मग आपल्याला मदत भेटंल." मी चुलीपाशी ऐकत होते. मला राग आला. काहून आला असेल? वाटलं, हा परगावचा पोरगा, याला गावाच्या इज्जतीचं काय? बाजूच्या गावानं आपल्याला हसावं, आणि तेही आपल्याच लेकरांच्या तोंडून ऐकून?

तपासणीच्या वेळी सरांना वर्गाबाहेर थांबवलं. पण खिचडीवालीला कोण बाहेर काढतो? मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले आणि साहेबाच्या खुर्चीमागं उभी राहिले. एक कागद पोराच्या हातात, तसाच एक साहेबाच्या. पोरगं अडलं की मी साहेबाच्या खांद्यावरून वाचायची आणि ओठ हलवायची. आवाज नाही, नुसते ओठ. पोरं पटकन उचलत होती. एकामागून एक पास होत होती, आणि साहेब खूश.

एवढंच असतं तर मी कदाचित हे तुम्हाला हसत सांगितलं असतं. पण मग पल्लवी आली.

तिसरीतली. बारकी, काळीसावळी, नेहमी खिचडी मागून घेणारी, कधी न लाजणारी. तिनं कागदाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी ओठ हलवले. तिनं कागद खाली ठेवला आणि साहेबाला म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई."

सरांनी सांगितलं होतं तसंच म्हणाली ती. त्या खोलीत तेवढं एकच लेकरू खरं बोललं — आणि मी काय केलं? पुढं झाले. "येतंय हो साहेब तिला, लाजून राहिलं लेकरू," म्हणाले. तिच्या पाठीवर हात ठेवला. बघणाऱ्याला वाटावं, मायेनं ठेवला. आणि चिमटा घेतला. चांगला जोरात, कातडी पिळून. मग कानाशी वाकून ओळ पुटपुटले. तिनं ती रडत रडत म्हटली. साहेब म्हणाले, "शाब्बास!"

आता तुम्ही म्हणाल, गावाच्या इज्जतीपायी केलं म्हातारीनं. मीही मनाला तेच सांगत आले. पण ते बराबर नाही. खरं त्याच्याही खाली आहे. मला मजा आली — हो, मजा! इस्त्रीच्या शर्टातल्या शिकलेल्या माणसाच्या मागं उभी राहून मी त्याचाच कागद वाचत होते, आणि त्याला पत्ता नव्हता. माझं वाचन मला मिरवायचं होतं. त्यासाठी एका पोरीचं वाचन मी दाबून टाकलं.

सर चुलीपाशी आले. "आजी, काय केलं हे तुमी?" मी म्हणाले, "तुमची लाज राखली, दुसरं काय." ते वरच्या साहेबांना खरं सांगायला गेले, तर त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं — पोरं वाचतात अन् तुम्ही नाही म्हणता, शिकवायचा कंटाळा आला का? पुढं त्यांची बदली झाली. बाजूच्या गावातली पोरं मात्र खरं बोलली होती. त्या शाळेला जादा तासासाठी एक ताई मिळाली. उन्हाळ्याच्या सुट्टीतही ती पोरं घेऊन बसायची. आम्हाला काय मिळालं? कौतुक. ते आम्ही गावभर वाटलं.

पल्लवी दरवर्षी वर चढत गेली. दहावीही निघाली, कशी निघाली ते विचारू नका. आणि मग फाट्याकडं हळदीची पावडर करायचा कारखाना निघाला. मशीनवर पोरी पाहिजेत, म्हणाले. अट एकच — मशीनचा एक कागद वाचायचा आणि काय कळलं ते आपल्या शब्दात लिहायचं. बाजूच्या गावच्या पोरी लागल्या. आमच्या पोरी दहावीचे कागद छातीशी धरून परत आल्या.

पल्लवी घरी गेली नाही, सरळ माझ्या दारात आली. "काहून वो आजी, तवा तर मला येत होतं म्हणे तुमी! आज कुठं गेलं मग?"

मी दारात उभी. तिच्या हातात तोच दहावीचा कागद.

झेंडावंदनाला भाषणात सांगतात, देश वर चाललाय. जावा की, मलाही ऐकायला आवडतं. पण कशानं जातो वर? भिंती रंगवून? आमच्या शाळेत हजेरी भरत होती, खिचडी शिजत होती, निकाल लागत होता. पोरींच्या डोक्यात काय उतरलं, एवढंच बघायचं राहिलं होतं. ते बघायला माणूस आला, त्याला मी फसवलं. आमची हळद कुठल्या कुठं जाते. तिच्यावर काम करायची अक्कल गावात असली तर चार पैसे गावात थांबतात, नाहीतर पोत्याबरोबर गाडीत बसून निघून जातात. हे कळायला मोठं शिक्षण लागतं का?

आणि कुणी मला असं म्हणू नका, की आजी, एवढ्या मोठ्या देशात तुमचा एक चिमटा किती! ही असली दया मला नको. देश म्हणजे वेगळं काय असतं? असलेच वर्ग ना? ज्या ज्या खोलीत लेकरू येत नाही म्हणालं आणि कुणी मोठं माणूस येतंय म्हणालं, तिथं तिथं देश तेवढा मागं राहिला. त्यातली एक खोली माझी. ती माझ्या नावावरून काढू नका. सर चांगले होते. साहेब वाईट नव्हता. मदत देऊ केलेली होती. मध्ये मी उभी होते.

मागच्या महिन्यात मी पल्लवीच्या घरी गेले. म्हणाले, ये संध्याकाळी, मी शिकवते. ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "राहू द्या."

बरोबर बोलली. आता हंगामात ती हळद शिजवायला जाते, वाफेत उभी राहते दिवसभर. माझ्या दारावरून जाते तेव्हा बघत नाही. माफी मी मागितली नाही, मागणारही नाही. द्यायची की नाही हे तिचं आहे. तिच्या तोंडून एकदा मी वदवून घेतलंय. पुन्हा नाही घेणार.